शेतापर्यंत ऐकू येणारी शाळा

वस्तीची शाळा, तिसगावजवळ
२२ ऑगस्ट १९७१

ती. दादांस,
मनकर्णेचा नमस्कार.

या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. पत्र लिहायचं नाही, असं म्हणाला नव्हतात. प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहावं, हे तुम्हीच आयुष्यभर शिकवलंत, तेव्हा ही पळवाट तुमच्याच शाळेतली आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, ती मला इथून दिसते. पडू द्या. फक्त फाडू नका. आणि आईला वाचून दाखवा. तिला दुसरं कोण वाचून दाखवणार आहे?

भिंगारच्या स्थळाबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यांना नोकरी सोडणारी मुलगी हवी होती आणि मला नोकरी सोडायची नव्हती. साखरपुडा मी मोडला, मान तुमची खाली गेली. हे सगळं तुमचं बोलून झालं आहे आणि माझं ऐकून झालं आहे. हे पत्र कामाचं आहे.

इथे एक खोली आणि एक ओटा, एवढी शाळा. माळावर आहे, खाली वस्तीची रानं. चारही इयत्ता माझ्याच गळ्यात. पहिलीला मी तुमच्यासारखंच शिकवते: एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागं म्हणायचं. पुढं म्हणायला रंगू असते. गहिनीनाथ आणि लंकाबाई या जोडप्याची मुलगी. दसरा झाला की हे लोक ऊस तोडायला वर कारखान्याला जातात ते उन्हाळ्यातच परततात, म्हणून रंगू गेल्या वर्षीही पहिलीत होती आणि यंदाही आहे. पण आवाज असा खणखणीत की माझे कान सुखावतात. मी तशीच होते, नाही का? तुमच्या वर्गात पुढं म्हणायला मीच असायची.

परवा तपासणीला साहेब आले. मी रंगूला उभं केलं. तिनं बाजाराचा धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत असा म्हटला की साहेबांनी मान डोलावली आणि चांगला शेरा लिहून गेले. ते गेल्यावर मी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं. ते बैलाच्या धड्यावर उघडलेलं होतं.

मग मी एकेकाला जवळ घेऊन पाहिलं. दादा, यातल्या कुणालाच वाचता येत नाही. पुस्तक सगळ्यांना पाठ आहे. चित्र दाखवलं की गाडी सुरू होते, चित्र झाकलं की पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. साहेबांना मी हे सांगितलं नाही. शेरा पुसा म्हणून कोण मागे धावणार?

तुम्हाला सांगते, कारण पद्धत तुमची आहे. उद्यापासून मी ती बंद करते.

आपली,
मनकर्णा


५ सप्टेंबर १९७१

ती. दादांस,
नमस्कार.

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच चालले होते, तरी पोस्टमनची सायकल दिसली की मी ओट्यावर येते. हे आईला वाचून दाखवू नका.

तर पद्धत बंद केली. मोठ्यानं म्हणायचं नाही, सगळ्यांनी मिळून तर मुळीच नाही. एकेकानं माझ्याजवळ यायचं, अक्षरावर बोट ठेवायचं, हळू सांगायचं. बाकीच्यांनी पाटीवर गिरवायचं. वर्ग असा शांत झाला की ओट्यावरच्या चिमण्या आत येऊन दाणे टिपायला लागल्या. मला फार बरं वाटलं. ट्रेनिंग कॉलेजात सांगतात तसा वर्ग.

दोन दिवस गेले असतील. दुपारी दारात लंकाबाई, रंगूची आई, उभी. हातात खुरपं, पदर खोचलेला, धापा टाकत होती.

"बाई, हायेत का तुमी?"

"आहे की. का हो?"

"शाळा बंद पडली जनू. कालपस्नं आवाजच न्हाई. मला वाटलं बाई गेल्या, आन पोरं कुटं वड्याला गेली का काय."

तिच्या मागे आणखी दोघी. संध्याकाळी कारभारी आले. वस्तीतलं वडीलधारं माणूस, आवाज चढवत नाहीत. ओट्याच्या कडेला बसले आणि तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाई, आमी दिसभर रानात आसतो. आमाला काय वाचाया येत न्हाई, तवा तुमी काय शिकवता ते आमाला काय कळनार? पर आवाज ऐकू येतो. आवाज आला म्हंजी पोरं शाळंत हायेत, शाळा चालू हाय. आता आवाजच न्हाई म्हनल्यावर लोक काय समजतील?"

मी त्यांना समजावलं. खडूनं जमिनीवर लिहून दाखवलं, पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल." तुम्हाला माहीत आहे हे "आसंल" काय असतं ते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचीच दोन पोरं शेळ्यांमागे होती. या आठवड्यात आणखी गळाली. फुकट बसायचं तर शेळ्या तरी राखा, असा एकंदर हिशेब.

तरी मी मागे हटले नाही. तुम्ही म्हणाल हट्टी. तुमचीच मुलगी.

मला खरी काळजी रंगूची आहे. लंकाबाई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, रंगूचा आवाज मला बांधावर वळकू येतो. सगळ्या बाया म्हन्त्यात, लंके, तुजी पोर वाचती गं. तेवढ्यापायी तर औंदा तिला उसात न्यायची न्हाई आसं ठरवलंय. धाकट्याला मीच पाठीशी बांधीन. रंगू हितंच आज्जीपाशी ऱ्हाईल, शाळा करील. एवढं वाचती, मग तिला पोर सांबाळायला कशाला जुपायची?"

सांगता सांगता तिनं हात माझ्या हातावर ठेवला. कोपरापर्यंत हिरवं गोंदण, त्यात कसलीशी अक्षरंही होती. मी बघते आहे हे दिसल्यावर तिनं पदर ओढून घेतला.

रंगूला वाचता येत नाही, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हणाले, "ठेवा तिला. फार हुशार आहे."

हे खोटं नाही. ती हुशार आहेच. पण लंकाबाईनं जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं.

आपली,
मनकर्णा


१० ऑक्टोबर १९७१

ती. दादांस,

रंगू गेली. मी घालवली.

नीट सांगते. खंडेनवमीला वस्तीत घरोघर कोयते पुजतात. कोयते घासूनपुसून, कुंकू लावून देवापुढे मांडायचे, कारण दसरा झाला की त्यांच्याच जिवावर घर चालायचं. लंकाबाईनं मला मुद्दाम बोलावलं. तिनं दोन कोयत्यांच्या शेजारी रंगूची पाटी मांडली होती. पाटीला कुंकू, पाटीवर झेंडूचं फूल. शेजारपाजारचे आले होते. रंगूची आजी, छबूबाई, भिंतीला टेकून बसली होती. रंगूचा बाप गहिनीनाथ दारात उभा होता. लंकाबाई म्हणाली, "रंगे, वाच गं. तुज्या आबाला ऐकू दे."

रंगूनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बाजाराचा धडा म्हटला. सगळे कौतुकानं ऐकत होते. महिनाभर मी तिच्याशी अक्षर अक्षर करत होते, चार-सहा अक्षरं तिला ओळखूही यायला लागली होती. आणि इथे ती पुन्हा ते जुनंच म्हणत होती, आणि सगळे त्यालाच वाचन समजत होते. माझ्या अंगाची लाही झाली, दादा. मला राहवलं नाही. मी पुढे झाले, चित्रावर हात ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "एवढंच वाच."

शब्द बाजारच होता. तिनं शब्दाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, म्हणता म्हणता तो शब्द येईल म्हणून. मी थांबवलं. पुन्हा म्हणाले, एवढंच. ती गप्प झाली. गहिनीनाथ हसला. कुणीतरी आणखी हसलं.

लंकाबाई हसली नाही. "म्हंजी इतके दिस ही नुसती वरडत हुती?"

"लंकाबाई, आता ती खरं शिकायला लागली आहे. वेळ लागेल, पण..."

"तुमाला ठावं हुतं का, बाई?"

"हो."

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलं? आन त्या दिशी न्हाई सांगितलं, तर आज सनासुदीचं चारचौघांत कशापायी सांगितलं?"

मी तशीच निघून आले. दादा, तुम्ही मला खरं बोलायला शिकवलंत. ते कुठे आणि कुणासमोर बोलायचं, ते शिकवायचं राहिलं असावं.

परवा ऊसतोडीच्या टोळीच्या गाड्या निघाल्या. रंगू गाडीत मागे बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. मी वाटेवर जाऊन उभी राहिले. तिनं मान दुसरीकडे वळवली. पाटी नेली नाही. छबूबाई सांगत होती, देवापाशी जशी मांडली तशीच आहे, कोयते तेवढे उचलून नेले.

मी बरोबर होते, असं मी रोज स्वतःला सांगते. तुम्हीही सांगितलंत तर बरं होईल. नाही तर चूक होते असं सांगा. काहीतरी सांगा.

मनकर्णा


९ जानेवारी १९७२

ती. दादांस,

तुम्ही बोलणार नाही, तर आज मीच मनातलं सगळं बोलून घेते.

वस्ती निम्मी ओस पडली आहे. पहिलीत बोटावर मोजण्याइतकी पोरं उरली आहेत आणि त्यांना आता खरोखर थोडं वाचता येतं. म्हणजे माझी रीत बरोबर. पण ज्या पोरांना तिची गरज होती ती कुठल्याशा कारखान्याच्या मळ्यावर पाचटाच्या कोपीत आहेत, आणि ज्या एका पोरीसाठी मी एवढा आटापिटा केला ती दिवसभर भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर फिरत असेल. उरलेल्यांच्या आयासुद्धा माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. पाणी भरायला गेले की बायका गप्प होतात. लंकेच्या पोरीची चारचौघांत फजिती करणारी बाई, एवढीच माझी ओळख उरली आहे.

मला एक सांगा. तुमच्या वर्गात पोरं नापास होत नसत, असं सगळं मिरजगाव म्हणतं. शाळेचा आवाज थेट बाजारपेठेपर्यंत जायचा. त्यातल्या किती जणांना वाचता येत होतं? खरं सांगा. की तीही सगळी रंगूच होती? चित्र बघून बोलणारी? आणि मीही त्यातलीच होते का?

आणि एक. आई तुमच्या घरात तुमच्याबरोबर म्हातारी झाली. गावातली निम्मी माणसं तुमच्या हाताखाली शिकली म्हणतात. तिला स्वतःचं नाव वाचता येत नाही. आक्काबाई, ही चार अक्षरं. हे पत्र तिला वाचून दाखवताना हा भाग तुम्ही गाळणार, आणि तिला ते कळणारही नाही. वाचता न येण्यात हेच तर होतं, दादा. दुसरा जेवढं वाचेल तेवढंच पत्र.

रागावून लिहिलं आहे. पण खोडणार नाही.

मनकर्णा


२० फेब्रुवारी १९७२

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी वर्ग तसाच टाकून मागच्या बाजूला गेले आणि भिंतीला टेकून वाचलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुमचं आहे म्हणून तुम्हाला पाठ असेलच, पण मलाही आता पाठ झालं आहे, आणि एकदा स्वतःच्या हातानं उतरवून काढावंसं वाटतं:

"चि. मनकर्णेस आशीर्वाद. पत्रे सर्व पोचली. तुझी आई प्रत्येक पत्र दोनदा वाचून घेते. काही गाळलेले नाही. मागचे पत्रही नाही. तू वर्गापुढे उभी राहून डोळे मिटून म्हणत असायचीस, त्यामुळे मी काय करत होतो ते तुला दिसले नाही. वर्ग म्हणत असताना मी मागे एका पोराजवळ बसलेला असे. रोज एक पोर. आवाज गावासाठी होता. त्यामुळे गाव पोरांना शाळेत राहू देई. शिकवणे आवाजाच्या आड चाले. जे पोर चुके त्याची चूक त्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे. तू आवाज बंद केलास आणि पोरीची चूक मात्र चारचौघांत उघडी केलीस. प्रकृती सांभाळ."

एवढंच. भिंगारचं नाव नाही, उंबऱ्याचं नाव नाही.

दादा, मी खरंच डोळे मिटून म्हणायची. मला वाटायचं, वर्ग मी चालवते आहे. धडा संपून डोळे उघडले की तुम्ही पुन्हा टेबलाजवळ असायचात, धोतराला मागे धूळ लागलेली. ती धूळ मला आठवते. जमिनीवर बसल्याशिवाय ती लागणार नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वर्गाला सांगितलं, म्हणा. पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग श्रीमंत नावाचा एक नकटा मुलगा आहे, त्यानं पुढं म्हणायला घेतलं, आणि सगळी पोरं अशी ओरडली की छपरावरची धूळ खाली आली. मी मागे जाऊन एका मुलीजवळ मांडी घालून बसले. तिचं बोट हातात घेऊन अक्षरावर ठेवलं. ती चुकली, मी पुन्हा बोट ठेवलं. आम्हा दोघींशिवाय कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी कारभारी वाटेत भेटले. म्हणाले, "आज शाळा लागली म्हनायची." मी हसले. शेळ्यांमागची पोरंही हळूहळू येतील असं वाटतं.

पण मागे बसले की मला रंगूच दिसते. हे कार्ड खंडेनवमीच्या आधी आलं असतं तर, असं मनात येतं. मग स्वतःलाच सांगते, विचारण्यासारखं तू विचारलंस कधी? पहिल्या पत्रापासून नुसते आरोपच करत होतीस.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आईला वाचायला का शिकवलं नाहीत, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

आपली,
मनकर्णा


२१ मे १९७२

ती. दादांस,
नमस्कार.

सुट्टी लागली आहे. मी वस्तीवरच आहे. सगळे विचारतात, बाई गावाला नाही गेलात? मी म्हणते, इथली हवा मानवते. इथल्या हवेत नुसती धूळ आहे. विहिरींनी तळ दाखवला आहे आणि लोक आभाळाकडे बघायचंही टाळतात.

टोळ्या परतल्या. रंगूला पाहिलं. वाढली आहे आणि वाळली आहे. हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. भावाला कडेवर घेऊन घेऊन एका बाजूला झुकून चालते, भाऊ खाली उतरला तरी तशीच चालते. मला पाहिलं आणि घरात शिरली.

मी लंकाबाईकडे गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते. तिनं पाट दिला, पाणी दिलं. तिच्या दारी पाणी देणं यंदा काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मी एवढंच म्हणाले, "सुट्टीत रोज सकाळी पाठवा तिला. ओट्यावर बसतो आम्ही चार जणी."

"ती आता बोलत न्हाई, बाई. शाळंचं नाव काडलं की तोंड शिवती."

"नको बोलू दे. नुसती येऊ दे."

लंकाबाईनं देवळीतली पाटी काढून पदरानं पुसली. खंडेनवमीचं कुंकू तिच्यावर अजून चिकटलेलं होतं.

रंगू आली. कोपऱ्यात बसली. तिच्या आवाजावर मी कधीकाळी खूश होते आणि आता त्या आवाजाचा एक कण ऐकायला माझा जीव टांगणीला लागला. पहिले काही दिवस ती फक्त पाटीकडे बघायची. मग मी तुमचीच रीत केली. श्रीमंतला आणि आणखी चारपाच पोरांना बोलावलं, म्हणा म्हटलं, मोठ्यानं, जेवढं ओरडाल तेवढं. आणि मी रंगूच्या मागे बसले. बोट ठेवलं. पोरं कल्ला करत होती. त्या कल्ल्यात, माझ्याही कानाला जेमतेम ऐकू येईल असं, ती म्हणाली, "ब."

मी बोट पुढच्या अक्षरावर नेलं.

रडू आलं होतं. तिला दिसू दिलं नाही. मागे बसण्याचा तोही एक उपयोग.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच प्रश्न येणार. लंकाबाई तिला ठेवेल की नेईल, ते तिला रंगू वाचते असं वाटतं की नाही यावरच आहे. आणि रंगू पुन्हा उसात गेली तर परत पाटी हातात धरील, असं मला वाटत नाही.

आपली,
मनकर्णा


१६ जुलै १९७२

ती. दादांस आणि आईस,
मनकर्णेचा नमस्कार.

पाऊस नाही. पेरलं नाही, त्यामुळे रानात कुणी नाही. शाळेखालच्या रस्त्यावर सरकारनं दुष्काळी काम काढलं आहे, सगळी वस्ती तिथे खडी फोडते. कारभारीसुद्धा. हातोड्यांचा आवाज दिवसभर आमच्यापर्यंत येतो आणि आमचा त्यांच्यापर्यंत जातो.

रंगू वाचायला लागली आहे. दादा, तुम्हाला माहीत आहे हे वाचणं कसं असतं. एक अक्षर, मग थांबायचं, मग दुसरं, मग मागे जायचं, मग दोन्ही जोडायची. घाम येतो तिला. एका ओळीला अर्धी सकाळ जाते. मी आनंदात होते आणि आनंदाच्या भरात पुन्हा घोटाळा करून बसले. लंकाबाईला निरोप पाठवला, या, ऐका.

ती दुपारच्या सुट्टीत वर आली. डोक्याला फडकं, पापण्यांवर दगडाची भुकटी. मी या खेपेला सगळी पोरं बाहेर पाठवली, चारचौघं नकोत म्हणून. रंगूनं पुस्तक घेतलं, बोट ठेवलं आणि वाचलं. "बै... ल. बैल. पा... णी." तेवढं व्हायला केवढा वेळ गेला. लंकाबाईचा चेहरा पडत गेला.

"पयलं कशी खडाखडा म्हनायची," ती म्हणाली. "आता येवढं सुदिक येईना. उसात नेली न् पोरीचं व्हतं नव्हतं ते बी गेलं." आणि डोळ्यांना पदर लावला. "माजंच चुकलं, बाई. मीच नेली."

हे वाचणंच आहे, आधीचं नव्हतं, हे तिला पटवून द्यायला माझ्याजवळ काय होतं? वाचता येणाऱ्यालाच ते ओळखू येणार. रंगू खाली मान घालून बसली होती. पुन्हा तेच होतंय असं मला वाटलं, आणि या वेळीही घडवलं मीच.

मग माझं लक्ष लंकाबाईच्या हाताकडे गेलं. डोळे पुसताना पदर सरकला होता. मी म्हणाले, "लंकाबाई, हातावर काय गोंदलंय?"

ती दचकली. "ह्ये? ह्ये नाव हाय."

"कुणाचं?"

"ऱ्हाऊ द्या की."

"मला नका सांगू. रंगूला ठाऊक आहे?"

"न्हाई. सासरच्या घरात ह्ये नाव मी कंदी काडलंच न्हाई."

"मग हात पुढे करा."

तिनं रंगूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ हात मांडीवरच होता. मग तिनं तो पुढे केला. अक्षरं जुनी, कातडीबरोबर पसरलेली. मी रंगूला काही सांगितलं नाही. मागे सरकले आणि भिंतीला टेकले. पोरीनं आपण होऊन आईच्या हातावर बोट ठेवलं.

"स," ती म्हणाली. थांबली. "हा." मग बोट पुढे. तिथे गोंदण विटलं होतं. तिनं हात धरून उजेडाकडे वळवला. "दे." मग "व." मग पहिल्यापासून, बोट न उचलता, "सहादेव." आणि आईच्या तोंडाकडे बघून विचारलं, "आये, सहादेव कोन?"

खालून हातोड्यांचे आवाज येत होते, सुट्टी संपली होती, तरी लंकाबाई उठेना. मग म्हणाली, "तुजा मामा. माज्या पाठचा. जत्रंत आमच्या आयनं दोगांची नावं एकमेकांच्या हातावर गोंदवली. त्याच्या हातावर माजं, माज्या हातावर त्याचं. फुडल्या सालीच पटकीनं गेला." आणि मला म्हणाली, "वाचती, बाई. ही वाचती."

तिनं हात मागे घेतला नाही. रंगू त्या चार अक्षरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

दारापर्यंत गेल्यावर लंकाबाई वळली. "औंदा ऊस आसंल का न्हाई, देवाला ठावं. आसला तरी ही म्हातारीपाशी ऱ्हाईल. पर बाई, हिला मोठ्यानं म्हनायला नका लावू. हळूच वाचू द्या. मला रस्त्यावर ऐकू न्हाई आलं तरी चालंल."

आता तुमच्याशी, दादा. तुम्ही आईला माझी पत्रं दोनदा वाचून दाखवता, काही गाळत नाही, त्याबद्दल मी तुमच्या पाया पडते. पण या पत्राच्या खाली मी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. ती वाचून दाखवू नका. ती काय आहे तेही सांगू नका. आईला चष्मा द्या, कागद तिच्या मांडीवर ठेवा, आणि तुम्ही तिच्या मागे बसा. जमिनीवर. धोतराला धूळ लागेल, लागू द्या. तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवा. शेजारच्यांना कळायला नको असेल तर रेडिओ मोठा करा.

किती दिवस लागतील ते लागोत. दिवाळी होईल, कदाचित पुढचा उन्हाळाही येईल. मी घाई करणार नाही. ती ओळ तिनं स्वतः वाचली की मला कळवा. उंबऱ्याचं काय करायचं, ते तुम्हाला तेव्हाच ठरवावं लागेल, कारण मी त्याच दिवशी इथून निघेन.

तुमची,
मनकर्णा

आ   ई      मी      घ   री      ये   ऊ      का